वहिनींच्या खांद्याचा सुटा तुकडा

समस्त आप्तस्वकीय, सोयरे, शेजारी आणि आंब्याच्या दिवसांत आमच्याकडे न बोलावता येणारे स्नेही यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या वहिनींच्या उजव्या खांद्याच्या हाडाचा एक तुकडा आज सकाळी काढलेल्या फोटोत सुटा दिसून आला आहे. सदर तुकडा गेली तीस वर्षे लांब रोट्या फेकल्यामुळे सुटल्याचे समजते. सबब यंदाच्या मोसमात कोणीही रोट्यांची अपेक्षा ठेवू नये. ज्यांनी आजवर एका बैठकीत चारपेक्षा जास्त रोट्या खाल्ल्या असतील, त्यांनी आपापल्या मनाशी विचार करावा.

हे निवेदन मी लिहिलं आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिलं. ग्रुपवर बासष्ट माणसं आहेत. अशी निवेदनं लिहायची मला जुनी खोड आहे. घरचं मांजर व्यालं तरी मी राजपत्रात छापल्यासारखं कळवतो. पण त्या दिवशी यातला शब्द न् शब्द मला खरा वाटत होता, हे आधीच सांगून ठेवतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. आमचं घर एकच, खाली ते आणि वर आम्ही. मे महिना लागला होता, आणि मे लागला की वहिनी माळ्यावरून रोटीचं मडकं उतरवतात. त्या मंगळवारी त्या स्टुलावर चढल्या, मडकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि स्टूल कलंडलं. वहिनी आडव्या, उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आणि मडकं पोटाशी शाबूत. आम्ही धावत गेलो तर त्या जमिनीवर बसून मडक्यावर बोटाने टिचकी मारत आवाज ऐकत होत्या.

"बद्द वाजत नाही," त्या म्हणाल्या. "वाचलं." आणि मग त्यांना रडू आलं, कारण हात वर होईना.

दादा आणि मी त्यांना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथला तरुण डॉक्टर सरळ माणूस होता. त्याने एक्स-रेचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "इथे टोकाला एक तुकडा सुटा दिसतो. फ्रॅक्चर असू शकतं, पण मी नक्की सांगणार नाही. हाडाच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. तोवर हात झोळीत." मग त्याने सहज विचारलं, "या खांद्यावर आधी कधी फार ताण पडला होता का?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकाच वेळी रोटी आली.

ज्यांनी नागपूरची लांब रोटी पाहिली नाही त्यांच्यासाठी थांबून सांगतो, नाही तर पुढचं सगळं फुकट जाईल. गव्हाचं पीठ कपड्याने चाळायचं, मीठ-पाणी घालून भिजवायचं, आणि मग पाणी लावत लावत इतकं आपटायचं की ते पीठ न राहता काहीतरी जिवंत होतं. हातातून सोडलं तर खाली वाहतं, वर खेचलं तर तुटत नाही. बाहेर चुलीवर मडकं पालथं तापत असतं. बाई उभी राहते, ओल्या हातांनी गोळा उचलते आणि या तळव्यावरून त्या तळव्यावर झोके देत देत लांबवते. आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. शेवटी धुतलेल्या ओढणीसारखी ती रोटी दोन्ही हातांवर झुलते, आणि एका झटक्यात मडक्यावर पडते. पलीकडचा हात दिसावा इतकी पातळ. पोळपाट नाही, लाटणं नाही. सगळं काम खांद्याचं. ती घडी करून रसात बुडवायची.

माझा उच्चांक अकरा रोट्यांचा आहे. दवाखान्यातून परत येताना मला त्या अकराही आठवल्या.

"तू अकरा खाल्ल्या ना गा," दादा गाडी चालवता चालवता म्हणाला, "त्याच वर्षी सुटला असन तो तुकडा."

"अन् तुह्या रोजच्या सहा?"

"मी नवरा आहो."

मागच्या सीटवर वहिनी झोळीत हात घेऊन बसल्या होत्या. "दोघं बी चूप बसा," त्या म्हणाल्या. "विहीणबाईच्या रसाचं काय करायचं ते सांगा."

खरी अडचण ही होती. त्याआधीच्या हिवाळ्यात पुतणीचं, म्हणजे वहिनींच्या लेकीचं, लग्न झालं होतं. सासर साताऱ्याचं, माणसं हौशी. लग्नाच्या जेवणात कोणीतरी लांब रोटीची गोष्ट काढली, आणि विहीणबाई घास हातात धरून म्हणाल्या, "पालथ्या मडक्यावर पोळी? आणि ती हातावरच एवढी मोठी होते? आमच्याकडं सांगितलं तर लोक म्हणतील, नागपूरवाल्यांनी तुम्हाला बनवलं." यावर आमच्या वहिनी, ज्या एरवी चारचौघांत बोलत नाहीत, भर मांडवात उठून म्हणाल्या, "मे महिन्यात रसाले या. तुमच्या डोळ्यांसमोर माह्या हातानं करून दाखवीन." मांडवात टाळ्या पडल्या. साताऱ्याची मंडळी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी येणार होती. तिकिटं काढून झाली होती.

हाडाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेरगावी होत्या. आठ दिवसांनी भेटणार होत्या. या आठ दिवसांत माझ्या निवेदनाने काय केलं ते ऐका.

पहिल्या तासात काटोलच्या आत्याने लिहिलं, "माझाही उजवा खांदा थंडीत धरतो. मी आजपासून रोटी बंद." त्यापाठोपाठ उमरेडची मावशी. मग भंडाऱ्याची चुलत वहिनी. संध्याकाळपर्यंत चार घरांतली मडकी थंड पडली होती. ऐन आंब्याच्या दिवसांत! दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या यजमानांचा फोन आला.

"काय बे, तू हे काय लिहून ठेवलं?"

"आतोबा, फोटोत दिसलं ते लिहिलं."

"मी इकडे आंब्याची पेटी फोडून बसलो, अन् हे बाई पोळपाट-लाटणं घेऊन आली! तीस वर्षांत मी या घरात लाटणं पाहिलं नव्हतं. मले वाटलं मारते का काय!"

घरात तर शोककळा होती. दादाने मडकं पोत्यात गुंडाळून परत माळ्यावर टाकलं आणि खाली उतरून, कमरेवर हात ठेवून सांगितलं, "हे मडकं आता या घरात चुलीवर चढणार नाही." तो हे प्रेमाने बोलला. तीस वर्षांत बायकोबद्दल इतकं प्रेम त्याने उघडपणे दाखवल्याचं मला आठवत नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत. माझ्या बायकोने मला जिन्यात गाठून सांगितलं, "जाऊबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे वाईट आहे."

बायकोचंच खरं होतं. संध्याकाळी मी चहा घेऊन खाली गेलो तर वहिनी पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"भाऊजी, एक सांगा. विहीणबाई इतक्या दुरून गाडीत रात्र काढून येतीन, अन् मी त्यायले पुऱ्या वाढू?"

"रोट्या बाहेरून आणू ना वहिनी. रस्त्यावर किती बाया बसतात. एकदम फर्स्टक्लास करतात."

"करतात ना. माह्यापेक्षा चांगल्या करत असतीन. पण त्या दिवशी मी 'माह्या हातानं' म्हटलं होतं." त्यांनी झोळीतल्या हाताकडे असं पाहिलं, की जणू तो शेजारणीचा हात आहे आणि विनाकारण येऊन बसला आहे. "लग्न होऊन आली तेव्हा मले काही येत नव्हतं. तुमच्या आईनं हा हात धरून शिकवलं. बाकी सारं काम कोणीही करते. रोटीले मात्र सारे 'वहिनी, वहिनी' करत येतात."

अशा वेळी माझ्या हातून हमखास काहीतरी भयंकर होतं. मी म्हणालो, "मले शिकवा. मी फेकतो रोट्या. तुम्ही बाजूले उभ्या राहा. तुमच्या हाताखाली झाली म्हणजे तुमच्या हातचीच."

रविवारी दादाची सकाळची शिफ्ट होती. तो गेल्याबरोबर मी मडकं चोरून उतरवलं. मागच्या अंगणात चूल पेटवली. बायकोने पीठ आपटून दिलं. वहिनी खुर्चीवर झोळी सांभाळत बसल्या आणि मी बनियनवर, लुंगी खोचून, अंगणाच्या मधोमध उभा राहिलो. पलीकडच्या गच्चीवर शेजारीण कपडे वाळत घालत होती, तिने बादली खाली ठेवली आणि कठड्याला रेलून उभी राहिली.

"गोळा घ्या. हळूच. त्याले भ्याच नका."

गोळा हातात आला मात्र, तो माझ्या बोटांमधून खाली निघाला. मी त्याला दुसऱ्या हाताने झेललं, तर तो तिथूनही निघाला. झोका द्या, झोका द्या, असं वहिनी म्हणत होत्या. मी झोका दिला. पीठ कोपरापर्यंत आलं, हे खरं, पण ते परत जायचं नाव घेईना. माझं घड्याळ त्यात बुडालं. मी ते काढायला गेलो तर दोन्ही हात एकमेकांना चिकटले.

"अहो," माझी बायको म्हणाली, "रोटी आहे ती. टॉवेल नाही झटकून राहिले आपण."

"फेका आता!" वहिनी ओरडल्या.

मी फेकली. अर्धी मडक्यावर पडली, उरलेली चुलीत गेली, आणि मधला जो भाग होता तो माझ्या दंडाला धरून राहिला. गच्चीवरून शेजारीण म्हणाली, "वं बाई, याले तर झोळीत घाला!" वहिनी हसायला लागल्या. मंगळवारपासून पहिल्यांदा. हसता हसता खांदा दुखला म्हणून कळवळल्या आणि परत हसल्या. त्याच वेळी मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मोकळा हात मांडीवर आपला आपण हलत होता, उलटा सुलटा, उलटा सुलटा, पाळण्यासारखा. त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

दादा घरी आला तेव्हा त्याला कोणी काही सांगितलं नाही. माझ्या घड्याळाच्या काचेत कणीक पाहून त्याने ओळखलं. "मडकं फुटलं का?" एवढंच त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने ते पोत्यात न गुंडाळता, नुसतंच उचलून कोपऱ्यात ठेवलं.

बुधवारी आम्ही तिघं सदर बाजारात डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई साठीच्या आसपासच्या, चष्मा दोरीला बांधलेला, आवाज वर्गशिक्षिकेचा. त्यांनी वहिनींचा खांदा दाबून पाहिला, हात हळूहळू फिरवला, कुठे दुखतं ते विचारलं. फोटो पाहिला. मग म्हणाल्या, "दुसऱ्या खांद्याचाही फोटो काढा. आणि या खांद्याचा हात वर करून, काखेतून एक."

"दुसरा? तो तर पडला नाही जी," दादा म्हणाला.

"म्हणूनच."

अर्ध्या तासाने दोन्ही खांदे त्या उजेडाच्या पाटीवर शेजारी शेजारी टांगले गेले. बाईंनी पेनने दाखवलं. पाठीवरचं ते पसरट पातं वर पुढे येतं आणि खांद्याच्या माथ्यावर त्याचं टोक होतं. उजव्या टोकाशी एक तुकडा वेगळा. आणि डाव्या टोकाशी, तंतोतंत तसाच, एक तुकडा वेगळा.

"दोन्हीकडे मोडलं?" दादाचा आवाज फाटला.

"काहीच मोडलं नाही. कडा पाहा. मोडलेल्या हाडाच्या कडा कशा असतात? बिस्कीट तोडल्यासारख्या, दातेरी. या कशा आहेत?"

मी पाहिलं आणि मला घाम फुटला. मी विमा कंपनीत आहे, नुकसान पाहायचं माझं काम. शहराबाहेर वाडीच्या गोदामांत रोज फुटका माल हातात घेऊन मी ठरवतो की ही फूट वाटेतली की जुनी. बावीस वर्षं हेच करतो आहे. कडा धारदार असेल तर ताजी, गुळगुळीत असेल तर आधीचीच. आणि माझ्या समोर गुळगुळीत, गोल, नदीतल्या दगडासारख्या कडा होत्या. तोच फोटो आठ दिवस आमच्या टीव्हीवर ठेवला होता. एखाद्या व्यापाऱ्याने असा माल दाखवला असता तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं.

"लहानपणी हे टोक सगळ्यांचंच सुट्या तुकड्यांत असतं," बाई सांगत होत्या. "विशी-पंचविशीपर्यंत ते सांधून एक होतं. काही लोकांचं सांधत नाही, तसंच राहतं. ठेवण आहे ती, आजार नाही. तुम्ही पडला नसता तर तुम्हाला कळलंच नसतं. दुखतं आहे ते मुका मार लागल्यामुळे."

"अन् रोट्यांमुळे?" वहिनींनी विचारलं.

"कसल्या रोट्या?"

मग वहिनी उभ्या राहिल्या. झोळीतून हात काढला आणि त्या छोट्या खोलीत, टेबल आणि तपासायच्या खाटेच्या मध्ये, हवेतलं पीठ हवेतल्या हातावर झुलवून दाखवलं. उजवा हात पूर्ण वर जात नव्हता, तरी मला ती रोटी दिसली. बाईंनी चष्मा सोडून दिला, तो छातीवर लोंबत राहिला.

"दुखलं?"

"जरासं. वर नेताना. पण रविवारी विहीणबाईले करून दाखवाची हाय, महिन्याच्या शेवटी."

"मग यात काही वाईट नाही. काही लोकांना हा तुकडा कधी कधी त्रास देतो, पण तीस वर्षांत तुम्हाला दिला नाही. झोळी काढून टाका. मी सांगते ते व्यायाम करा, भिंतीवर बोटं चढवायची, रोज. दुखलं तर थांबायचं. रविवार कधीचा म्हणालात? महिन्याच्या शेवटचा? तोवर बरंच बरं वाटेल. रोट्या करा, पण शंभर नाही."

दादा एकदम खाली बसला. त्याच्यासाठी खुर्ची होती हे नशीब. मला मात्र वेगळीच उबळ आली.

"डॉक्टर, असं किती जणांना असतं?"

"पुष्कळ जणांना."

"म्हणजे किती?"

"शंभर माणसं रांगेत उभी केली तर पाच-सात तरी निघतील. कुठे कमी निघतात, कुठे जास्त. ज्यांनी सुटी हाडं हातात घेऊन मोजली त्यांचा हिशेब वेगळा येतो, ज्यांनी फोटो पाहून मोजली त्यांचा वेगळा. आणि एका बाजूला असलं की दुसऱ्या बाजूलाही असायचं, असं खूपदा दिसतं. पण बहुतेक लोक हे घेऊन जन्मभर फिरतात आणि त्यांना पत्ता नसतो."

"मग माझाही फोटो काढा."

"तुम्हाला काही दुखतं?"

"नाही."

"मग कशाला?"

"मले हाय का नाही ते कळाले नको?"

"नको," बाई म्हणाल्या. "पुढचे पेशंट."

अशा रीतीने मी शंभरातल्या पाचांतला आहे की पंच्याण्णवांतला एक, हे आजतागायत गुलदस्त्यात राहिलं. पण त्या दिवसापासून माझी नजर बदलली. सिग्नलला उभा राहिलो की पुढच्या स्कूटरवाल्यांचे खांदे मोजायचो. वीस खांदे, म्हणजे दहा माणसं, म्हणजे अर्धा माणूस. सदरच्या दुकानांसमोर संध्याकाळी निदान पाचशे लोक असतात, त्यांच्यात पंचवीस-तीस तुकडेवाले, शर्टाखाली लपवून, कुल्फी खात हिंडतात! मला सगळं शहर एकाएकी फार आवडायला लागलं.

वाडीला तर मी कामच विसरलो. गोदामात हमाल ट्रकमधून पोती उतरवत होते, चाळीस-एक जण. एकामागून एक खांद्यावर पोतं घेऊन फळीवरून धावत येत होते, आणि मी फुटक्या डब्यांची यादी हातात धरून त्यांच्या खांद्यांकडे पाहत उभा. यांच्यात दोघं-तिघं तरी असणार. कोण असेल? एक उंच, पिकल्या मिशांचा हमाल पोतं टाकून माझ्यासमोर येऊन थांबला.

"काय साहेब, खांद्यावर पाल बसली का माह्या?"

मी त्याला सगळं सांगितलं. टोक, तुकडा, सांधणं, न सांधणं. त्याने शांतपणे ऐकलं, पंच्याने मान पुसली, आणि अंगठ्याने आपल्या खांद्याचा माथा चाचपला.

"असन तर माह्यातच असन," तो म्हणाला. "पोतं जिथं टेकते तिथं बरोबर खाच हाय. देवानं जागा करून धाडलं." मग त्याने मागे वळून हाक दिली, "अरे, साहेब म्हणतात शंभरात पाच जणांचं हाड येगळं राहते!" आणि पुढची दहा मिनिटं पोती जागच्या जागी राहिली व चाळीस माणसं एकमेकांचे खांदे चाचपत राहिली. गोदामाचा मालक बाहेर आला नसता तर दिवस गेला असता.

ग्रुपवर दुसरं निवेदन टाकणं मला भाग होतं. पहिल्यासारखं ते जमलं नाही. चूक कबूल करताना भाषा आपोआप साधी होते. मी लिहिलं की वहिनींचं हाड मोडलेलं नाही, जन्मापासून असंच आहे, रोट्यांचा काही संबंध नाही, मी चुकलो, सगळ्यांनी मडकी तापवावीत. आणि हेही लिहिलं की शंभरात पाच-सात जणांना असं असतं, म्हणजे आपल्या बासष्टांत तीन-चार असतील.

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. रात्रीपर्यंत एकोणीस उमेदवार उभे राहिले. काटोलच्या आत्याने लिहिलं की तिला ते नक्की आहे, आणि दोन्हीकडे आहे. मावशीने आपल्या दिवंगत सासऱ्यांचंही नाव घातलं. भंडाऱ्याच्या चुलत वहिनीने विचारलं की हे माहेरून येतं की सासरहून. आत्याच्या यजमानांनी मात्र एका ओळीत कळवलं, "मडकं चढलं. सात खाल्ल्या. धन्यवाद."

त्या दिवसांत वहिनी रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर बोटं चढवायच्या. दादाने भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या होत्या, आज इथवर, आज इथवर. शिफ्टला जायच्या आधी तो नवी खूण करून जायचा आणि आल्यावर आधी भिंत पाहायचा. शेवटच्या आठवड्यात खूण कपाटाच्या वर गेली. भिंत रंगवायला झाली आहे, पण त्या खुणा अजून पुसल्या नाहीत.

मग तो रविवार आला. साताऱ्याची मंडळी आली, विहीणबाई, व्याही आणि जावई. पुतणी तर होतीच, आणि तिने गाडीत सगळ्यांना सगळं सांगून टाकलं होतं. चहा झाला, आंबे पिळून झाले, रस पातेल्यात गार करत ठेवला. अंगणात चूल पेटली, मडकं तापलं. माझ्यावर एकच काम सोपवलं होतं, भाजलेली रोटी मडक्यावरून उचलायची. माझा अंगणातला पूर्वेतिहास सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे पिठाच्या परातीपासून मला चार पावलं लांब उभं केलं होतं.

वहिनींनी पदर खोचला, हात ओले केले आणि गोळा उचलला. मडक्याखाली लाकूड तडतडलं. पीठ या हातावरून त्या हातावर गेलं, लांबलं, मनगट ओलांडलं, कोपराशी आलं. उजवा हात वर जाताना दादाचा हात आपोआप पुढे झाला, जणू खाली पडलं तर तो तुकडा झेलणार होता. विहीणबाई पुढे वाकल्या होत्या. इतका प्रवास करून ज्या पालथ्या मडक्यासाठी त्या आल्या होत्या, त्याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. जावई, व्याही, पुतणी, माझी बायको, गच्चीवरची शेजारीण, सगळे वहिनींच्या उजव्या खांद्यावर टक लावून. मीही.

हात पूर्ण वर गेला. झटका बसला. रोटी उडाली आणि मडक्यावर अशी पसरली की एक सुरकुती नाही. वहिनींच्या तोंडावर कळ उमटली नाही. आमचा सगळ्यांचा श्वास सुटला. दादाने डोळे पुसले, धुरामुळे असं तो म्हणतो. विहीणबाई हळूच पुतणीला म्हणाल्या, "हाच ना तो खांदा?" पुतणीने मान हलवली. आम्ही पाहतच राहिलो, पाहतच राहिलो, आणि वहिनींनी परातीतून दुसरा गोळा उचलत वर पाहिलं.

"अवं माय! खांद्याकडे काय पाहून राहिले सारे, रोटी जळून राहिली ना!"